आठ दिवसांचं घड्याळ

या गाडीचे नट पंचावन्न अंशांच्या आट्याचे.
कुपवाडच्या दुकानात मिळतात ते साठाचे.
पाच अंश म्हणजे काहीच नाही,
पण पान्याला कळतात, मनगटाला कळतात.
म्हणून नट मी स्वतः काढतो लेथवर,
रात्री दहानंतर, वीज भरवशाची असते तेव्हा.

मगदूमशेठची डेमलर. छत्तीस सालची.
सांगलीत हळदीच्या गोडाऊनला तीस वर्षं उभी होती.
अजून फडकं मारलं की पिवळं निघतं,
दाराच्या खाचेतून, मागच्या सीटच्या स्प्रिंगांतून.
इंजिन पहिल्यांदा उचललं तेव्हा
धुराला फोडणीचा वास आला.
शेठ म्हणाले, हळद लागलीच आहे,
मिस्त्री, आता वरात काढा.

त्यांना सगळं ओरिजनल पाहिजे,
बिल तेवढं डुप्लिकेट चालतं.

डावा दिवा जतला एका मंडपवाल्याच्या पेटाऱ्यात मिळाला,
हॉर्न भिलवडीच्या गिरणीत.
दळण संपलं की वाजवायचे म्हणे, अख्खी आळी डबे घेऊन यायची.
डॅशबोर्डचं लाकूड मिरजेच्या मौलासाहेबांनी बसवलं.
सतारीसाठी ठेवलेली तुणीची फळी,
नखानं टिचकी मारून कानाशी धरली,
म्हणाले, हे वाजणार नाही ना कधी?
मग उगाच घेतलंत.
मूळचं अक्रोड होतं.
शेठना मी अजून सांगितलेलं नाही.

पाच भोकं डॅशबोर्डात. चार भरली.
पाचवं घड्याळाचं.
दोन वर्षं मी त्या भोकातून
आतल्या वायरी बघत होतो.

तासगावला, गणपतीच्या देवळाअलीकडे,
हणमंत काशीदच्या सलूनात
दाढीला मान मागं टाकली
आणि आरशात ते उलटं दिसलं.
काटे उलटे चालत होते,
पण चालत होते.

त्यानं खुंटीवरून काढून हातात दिलं.
मागं नंबर. माझ्या वहीतलाच.
माझा हात थरथरला, वस्तरा त्याच्या हातात होता म्हणून बरं.

म्हणाला, तुमच्या शेठच्या आज्याचा डायवर, गणू,
दाढीची उधारी ठेवायचा आमच्या म्हाताऱ्याकडं.
नऊ वर्षांची झाली तवा हे आणून दिलं.
म्हातारा म्हणायचा, अजून दोन वर्षांची राहिलीय.

वीस हजार म्हटलं. मग चाळीस.
तो फक्त साबण फेसाळत राहिला.
आठ दिवसांची चावी हाय, म्हणाला.
सोमवारी दुकान बंद,
तरी संध्याकाळी येतो, शटर अर्धं उचलतो,
साडेसात वळसे देतो, जातो.
पंचेचाळीस वर्षं झाली.
एकदा बायको दवाखान्यात होती, तवाबी आलतो.

भिंतीवर, घड्याळ होतं तिथं,
एक गोल दिसत होता, न मळलेला,
आसपासची भिंत धुरकट, तेलकट.
मी खिशातला कॅलिपर काढून लावला.
साडेतीन इंच.
माझ्या डॅशबोर्डाचं भोक साडेतीन इंच.
मूळ जागा कुठली,
हे मोजून कळेना.

घड्याळ मीच परत खुंटीला अडकवलं.
किंचित वाकडं लागलं. त्यानं सरळ केलं.
दाढीचे पैसे घेतले, सुटे परत दिले.

शेठना म्हटलं, नाही मिळालं.
हे दुसरं न सांगितलेलं.
भोकावर पितळी चकती बसवली,
पॉलिश करून. बरी दिसते. खोटी दिसते.

कोल्हापूरच्या प्रदर्शनात परीक्षक वाकून बघत होते.
तुणीच्या फळीवरून बोट फिरवून म्हणाले, वा, अक्रोड!
मग चकतीपाशी थांबले. तीन गुण कापले.
शेठनी माझ्याकडे पाहिलं,
मी बोनेटकडे.

आता दाढीला मी तासगावलाच जातो,
पस्तीस किलोमीटर, पेट्रोल माझं.
आणि सोमवारी सहाच्या सुमाराला
लेथ चालू असला तरी हात जरा थांबतो.
तिकडं शटर अर्धं उचललं असेल.
एक, दोन,
तीन.